लोखंड लावायचं नाही

गुरांच्या बाजारातल्या काट्यापुढे त्या सकाळी एवढी गर्दी होती, की ज्या बैलाचं वजन व्हायचं होतं त्यालाच काट्यापर्यंत वाट मिळेना. लोक पत्र्याच्या शेडवर चढले होते, दुधाच्या रिकाम्या कॅनवर उभे होते. चहावाल्याने टपरी तशीच उघडी टाकली होती आणि तिथे दूध उतू जात होतं. सगळ्यांच्या माना वर, काट्याच्या लाल आकड्यांकडे. बैल एकदाचा चढला. आकडे थरथरले, वर सरकले, आणखी वर सरकले आणि थांबले.

"चाळीस किलो!" कोणीतरी किंचाळलं. "कालच्यापेक्षा चाळीस किलो जास्त!"

"एका रात्रीत!"

"आणि पेंडीचा एक कण नाही, बरं का! नुसते कंद!"

लोकांनी तोंडात बोटं घातली. बैलाचा मालक, सामान वाहणारा गाडीवाला, धाय मोकलून रडायलाच लागला. बैल मात्र शांतपणे उभा होता आणि काट्यावरच एवढी लघवी करत होता, की पुढच्या रांगेतल्यांना मागे सरावं लागलं. त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

मी जनावरांची डॉक्टर आहे. एका रात्रीत चाळीस किलोंनी जाड झालेलं जनावर मी पाहिलेलं नाही. तसं कधी झालंच, तर मालक आधी माझ्याकडे धावत येईल, कारण तो चमत्कार नसेल, काहीतरी भयंकर आजार असेल. पण हे त्या गर्दीत कोणाला सांगणार? गर्दीच्या मधोमध उंच पाटावर कंदमहाराज उभे होते.

महाराजांचे कपडे नेहमी परीटघडीचे. हातांना मात्र कोपरापर्यंत माती. ही माती नखांत कधीच नसायची, हे मी पहिल्याच दिवशी टिपलं होतं. ज्याने खरंच जमीन उकरली आहे त्याची नखं अशी राहत नाहीत.

"कंद कुठे वाढतो?" महाराजांनी विचारलं.

"जमिनीत!" गर्दी ओरडली.

"जमिनीच्या पोटात! आणि बाळ कुठे वाढतं? आईच्या पोटात! मग मला सांगा, ताकद कशात? वर उघड्यावर, वाऱ्यावर वाढलेल्या दाण्यात, की पोटात वाढलेल्या कंदात?"

"कंदात!"

या न्यायाने गांडुळाने बैलाला लोळवायला हवं, असं मी पुटपुटले. शेजारच्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या पोराचं वाईट चिंतलं असावं.

"नियम दोनच," महाराजांनी मातीने माखलेली दोन बोटं वर केली. "सिद्धकंद धुवायचा नाही. आणि सिद्धकंदाला लोखंड लावायचं नाही! सुरी नाही, विळी नाही, कोयता नाही. लोखंड लागलं की बरकत आल्या वाटेने जमिनीत परत. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

सिद्धकंद म्हणजे दुसरं तिसरं काही नव्हतं, चाऱ्याचं बीट. पांढरट, मुठीएवढं. वाईट नसतं ते. गाईंना आवडतं, गोड लागतं, चावायला रसाळ. महाराजांनी फक्त त्याला गोणपाटाच्या पडद्याआड नेऊन बाहेर आणलं होतं आणि किंमत दुप्पट केली होती.

तरीही लोकांना ते स्वस्त वाटत होतं, आणि यात महाराजांची हुशारी कमी, आमची खोड जास्त. आमच्याकडे जनावराचं खाणं पोत्यावर मोजतात. पेंड पोत्यात, भुसा पोत्यात, कंदही पोत्यात. पोतं तेच, तोंडाची शिवण तीच. पेंडीच्या एका पोत्याच्या भावात सिद्धकंदाची तीन पोती येतात म्हटल्यावर शहाणीसुरती माणसं पेंडीच्या दुकानाकडे पाठ फिरवून पडद्यापुढे रांगा लावू लागली. पोत्यात काय आहे, हे विचारायची आम्हाला सवयच नाही.

रांगेत सगळ्यात पुढे होता माझा थोरला भाऊ.

दादाकडे चार गाई. त्यांतली ठिपकी ही लाडकी. तिला ती वासरू असताना मीच जगवलं होतं, बाटलीने दूध पाजून. आता ती पहिल्यांदा गाभण होती, दिवस भरत आले होते. अशा गाईला चांगलं खाणं लागतं, पोटातल्या वासरासाठी आणि पुढच्या दुधासाठी. दादाने तिची पेंड बंद केली, सुका चारा बंद केला आणि दावणीत सकाळ-संध्याकाळ कंद ओतायला सुरुवात केली.

मी बाजारातून थेट त्याच्या घरी गेले. वहिनी नुकत्याच बेकरीतून आल्या होत्या. त्या बेकरीच्या भट्टीवर काम करतात, त्यामुळे त्यांच्या भुवया कायम थोड्या जळलेल्या आणि बोलणंही तसंच खरपूस. ठिपकी गोठ्यात उभी होती. पोट मोठं, पण पाठीचे मणके बोटाने मोजता येतील असे वर आलेले.

"दादा, हिची फासळी दिसतेय."

"दिसू दे. आतून भरतेय ती. महाराज म्हणाले, आधी आतून भरते, मग बाहेरून."

"आणि दूध का आटलं बाकीच्यांचं?"

"आटलं नाही, पातळ झालंय," दादा म्हणाला. आणि मग, जणू ही काही मोठी कमाईच असावी अशा थाटात, "पण पोती बघ! आधी एका पोत्यात उरकायचो, आता तीन येतात. खायला तिप्पट घालतोय मी माझ्या गाईंना. तुझ्या कॉलेजात एवढा साधा हिशेब शिकवला नाही का, डॉक्टरीणबाई?"

"शिकवला. त्यात पोती मोजत नाहीत. पोत्यातलं पाणी काढलं की काय उरतं ते मोजतात."

"पाणी? कंद काय पाण्याचे असतात?"

वहिनी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात बेकरीचा पत्र्याचा ट्रे होता. त्यांनी तो ओट्यावर आपटला. ट्रेच्या तळाशी तपकिरी, सुरकुतलेल्या, बोटभर चकत्या पसरल्या होत्या. फुंकर मारली तर उडून जातील अशा.

"काल टोपलीभर कंद कापले," त्या म्हणाल्या. "पाव निघाल्यावर भट्टी मंद होती, त्यात ठेवले. हे उरलं. बाकीचं सगळं वाफ होऊन चिमणीतून गेलं. मग ताई, मी पेंडही एका ट्रेमध्ये पसरून ठेवली. ती होती तेवढीच राहिली, थोडी खमंग झाली एवढंच. आता सांगा यांना."

मला त्या क्षणी वहिनींना मिठी मारावीशी वाटली. एवढं स्वच्छ, एवढं साधं! तीन पोती कंद म्हणजे त्यात जेमतेम अर्धं पोतं खाणं आणि अडीच पोती पाणी. पाणी विकत घेऊन, डोक्यावर वाहून आणून दावणीत ओतायचं, ते बादलीने नळावरून फुकट मिळत असताना!

दादाने ट्रेकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तो हसला.

"कापलेस कशाने?"

"सुरीने. दुसऱ्या कशाने कापणार?"

"म्हणजे लोखंड लावलंस! झालं की मग! बरकत गेली, पाणी राहिलं. महाराजांनी आधीच सांगितलं होतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय सुरेख फास होता! तपासायचं तर कापावं लागणार, आणि कापलं की तपासणी बाद. ज्याने हा नियम काढला त्याला कंदाचं काही कळत नसेल, पण माणसाचं सगळं कळत होतं.

"दादा, जी गोष्ट उघडून बघायला बंदी आहे ना, ती उघडायलाच हवी असते."

"आणि ज्या गोष्टीवर सगळ्यांचा विश्वास आहे तिच्यावर तू एकटीने संशय घ्यायलाच हवा असतो का? आख्खा बाजार खोटा, काटा खोटा, तू एकटी खरी?"

"काटा खरा आहे," मी म्हटलं. "काटा वजन सांगतो. कशाचं वजन, ते तो सांगत नाही."

दादाने मान फिरवली. मी पेंडीचं एक पोतं माझ्या गाडीतून उतरवून वहिनींच्या ताब्यात दिलं आणि निघाले. पुढचे दोन दिवस मी लांबच्या वस्त्यांवर लसी टोचत फिरत होते. परत येते तोच वहिनींचा फोन.

"ताई, ठिपकीला परवापासून बाजारात नेऊन बांधलंय यांनी. शुद्धीला."

"कसली शुद्धी?"

"चमत्काराच्या आधी जनावर उपाशी ठेवतात ना, एक दिवस. अन्न नाही, पाणी नाही. महाराज म्हणाले, हिच्यात दोन जीव आहेत, हिला दोन दिवस. ताई, ती हंबरतेय. मी पाणी घेऊन गेले तर मला हाकललं. आता सगळ्यांसमोर तिला कंद भरवणार आहेत."

भरल्या दिवसांची गाय, दोन दिवस पाण्याविना. गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही.

पोहोचले तेव्हा गर्दी परवासारखीच, किंबहुना जास्त. ठिपकी काट्याशेजारी खुंटाला बांधलेली. डोळे खोल गेलेले, नाकपुड्या कोरड्या. वजन करून झालं होतं, कमीत कमी जेवढं भरता येईल तेवढं. महाराज हातात कंद घेऊन सुरू झाले होते.

"ही माता आज दोन जिवांची बरकत घेणार! उद्या सकाळी आकडा बघा आणि मग जन्मभर सांगत राहा!"

"पाणी द्या तिला आधी!" मी गर्दीत घुसत ओरडले. "दादा, तिचा घसा सुकलाय, तिला अख्खा कंद देऊ नका!"

उशीर झाला होता. दोन दिवसांच्या उपाशी गाईने महाराजांच्या हातातून कंद हिसकावला आणि चावलाच नाही. थेट गिळला.

ठिपकीने मान ताणली. खोकली. तोंडातून लाळेची तार लोंबू लागली. मानेच्या डाव्या बाजूला, कातडीखाली, मुठीएवढा उंचवटा दिसला आणि तिथेच थांबला. गाईच्या पोटात सतत वायू होतो आणि तो ढेकरांनी बाहेर पडतो. घसा बुजला की ढेकर बंद, वायू आत साठत जातो. बघता बघता तिची डावी कूस ताणून वर आली. असंच फुगत राहिलं तर छाती दाबली जाऊन श्वास बंद पडतो, आणि तिच्याबरोबर वासरूही जातं.

"बरकत उतरतेय!" महाराज ओरडले. "बघा कशी भरतेय!"

मी आयुष्यात एवढा निर्लज्ज माणूस पाहिलेला नाही. एक जनावर गुदमरतंय आणि हा त्याच्या फुगण्याचं तिकीट लावतोय!

वहिनींनी तोवर माझ्या गाडीतली पेटी आणली होती. मी त्यातून जबडा उघडा ठेवायचं साधन काढलं. जाडजूड, लोखंडी. महाराज आडवे आले.

"खबरदार! लोखंड आणलंत तर गाय मरेल आणि पाप तुमच्या माथी!"

काही हात मला अडवायला पुढे आले. आणि मी ज्याच्याकडे पाहिलं तो महाराज नव्हता, गर्दीही नव्हती. मी दादाकडे पाहिलं.

"दादा, गाय तुझी आहे. मला तिच्या घशात हात घालायचाय आणि तुला बाहेरून तो कंद वर ढकलायचाय. एकटीने होणार नाही. बोल."

ठिपकीचे पुढचे पाय वाकले. ती गुडघ्यांवर आली आणि तिने दादाकडे बघितलं. जनावर असं बघतं तेव्हा त्यात गूढ काही नसतं. ज्याने रोज खाऊ घातलं त्याच्याकडे ते बघतं.

"महाराज," दादा म्हणाला, "बाजूला व्हा."

"अरे, तुझी श्रद्धा..."

"बाजूला व्हा म्हणतोय ना!"

त्याने महाराजांना खांद्याने असं ढकललं, की ते पाटावरून थेट बैलाच्या परवाच्या कर्तृत्वाच्या चिखलात जाऊन बसले. मग तो ठिपकीच्या मानेशी वाकला. मी जबडा उघडून धरला, बाही वर केली आणि हात आत घातला. गरम, चिकट, अंधार. बोटांना कंदाचं टोक लागलं आणि निसटलं. "वर ढकल! हळू, पण सोडू नकोस!" दादा दोन्ही अंगठ्यांनी उंचवटा वर सरकवत होता, रडत होता आणि गाईशी बोलत होता. "ये बाई, ये, ढकलतोय मी, ये." पुन्हा टोक लागलं. या वेळी मी त्यात नखं रुतवली आणि खेचलं.

कंद बाहेर आला. पाठोपाठ एवढा मोठा ढेकर आला, की पुढच्या रांगेतल्यांच्या टोप्या हलल्या. ठिपकी उभी राहिली, धापा टाकत, पण उभी. तिची कूस हळूहळू खाली बसू लागली आणि वहिनींनी पाण्याची बादली तिच्या तोंडाशी धरली. मी तिथेच मातीत बसले.

कंद माझ्या हातात होता. लाळेने त्याची माती धुऊन निघाली होती आणि एका बाजूला एक गोल चीर दिसत होती, बाटलीच्या बुचाएवढी. मी ते बूच नखाने उपसलं. आतून पोखरलेल्या कंदातून माझ्या तळहातावर पांढरा चिखल सांडला. मी जीभ लावली.

"दादा," मी हात पुढे केला, "चाखून बघ."

त्याने चाखलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मीठ!"

"मीठ?" गर्दीतून आवाज आला.

वहिनी कोणाची वाट बघत थांबल्या नाहीत. त्या पडद्याआड गेल्या, महाराजांची झाकलेली टोपली ओढत बाहेर आल्या, पिशवीतून पाव कापायची लांब सुरी काढली आणि पहिल्या कंदावर चालवली. दोन फाका. मधोमध मीठ. दुसरा. मीठ. तिसरा. मीठ. "लोखंड!" महाराज क्षीणपणे म्हणाले. "हो, लोखंड!" वहिनी म्हणाल्या आणि चौथा कापला. पडद्यामागे पाण्याने काठोकाठ भरलेलं भलंमोठं पिंपही सगळ्यांना दिसलं.

मी उठले. आता बोलायची पाळी माझी होती.

"आधी जनावराला दिवसभर कोरडं ठेवायचं आणि वजन करायचं. मग रात्री मिठाचे कंद चारायचे, म्हणजे ते तहानेने वेडं होतं. मग पुढ्यात हे पिंप. सकाळी काट्यावर जे वाढतं ते मांस नाही, चरबी नाही. ते हे पिंप आहे. न धुवायचा नियम यासाठी की मातीखालचं बूच दिसू नये, आणि न कापायचा नियम यासाठी की मीठ दिसू नये. विक्रीच्या पोत्यांत तर मीठही नाही, साधं बीट आहे."

"कशावरून?" मागून एकजण ओरडला. "महाराजांचे दुश्मन असतील! कोणी मुद्दाम मीठ घातलं असेल!"

प्रश्न चांगला होता. असे प्रश्न महाराजांना विचारले असते तर ही वेळच आली नसती. शुद्धीच्या खुंटाला आणखी एक रेडा बांधलेला होता, सकाळपासून कोरडा. मी त्याच्या मालकाला विचारलं, त्याने मान डोलावली. रेडा काट्यावर चढवला. आकडा सगळ्यांनी पाहिला. मग खाली उतरवून त्याच्यापुढे नळाचं पाणी ठेवलं. मंत्र नाही, कंद नाही, मीठही नाही. रेडा प्यायला. बादलीमागून बादली, नाकपुड्या बुडवून, सावकाश. सगळा बाजार एका रेड्याला पाणी पिताना श्वास रोखून बघत होता. मग त्याला पुन्हा काट्यावर घेतलं.

आकडे थरथरले, वर सरकले, आणखी वर सरकले.

या वेळी कोणी किंचाळलं नाही. आधी गाडीवाला हसला, तोच, जो परवा रडला होता. मग चहावाला. मग शेडवरचे सगळे.

महाराज उठून कपडे झटकत होते. "श्रद्धेशिवाय..." त्यांनी सुरुवात केली.

मी टोपलीतला एक न कापलेला कंद त्यांच्यापुढे धरला. "महाराज, हा तुम्ही खा. अख्खा. लोखंड लावत नाही, धूत नाही. आणि मग दोन दिवस पाण्याशिवाय इथे बसा. ठिपकीच्या खुंटाला. दोराची सोय मी करते."

बाजार समितीच्या माणसांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून कार्यालयात नेलं. पैसे परत मागणाऱ्यांची रांग मागोमाग गेली, आणि ती रांग आदल्या सगळ्या रांगांपेक्षा लांब होती.

तुम्ही म्हणाल, झालं, बीट वाईट ठरलं. नाही! बीट बिचारं तसंच आहे, चांगलं. शेताच्या बांधाशी पिकत असेल, स्वस्त मिळत असेल तर जरूर घाला. पण कापून घाला, म्हणजे घशात अडकणार नाही. सोबत पेंड आणि सुका चारा द्या. आणि विकत घेताना पोती मोजू नका. थोडं वाळवा, उरलेलं तोला, मग भाव ठरवा. भट्टी नसेल तर ऊन सगळ्यांच्या दारात पडतं. यासाठी डॉक्टर लागत नाही, महाराज तर मुळीच लागत नाही. सुरी लागते, आणि ती चालवायची हिंमत लागते. जो कोणी तुम्हाला सांगेल, की हे कापू नका, उघडू नका, विचारू नका, त्याच्याच टोपलीपासून सुरुवात करा.

ठिपकीला पुढच्याच आठवड्यात कालवड झाली, आईसारखीच ठिपक्यांची. मी तपासायला गेले तेव्हा शेजारचे काका कुंपणावरून डोकावले.

"काहीही म्हणा," ते म्हणाले, "पण कालवड झाली ती महाराजांच्या हातचा कंद पोटात गेला म्हणूनच."

मी तोंड उघडणार, तोच दादा गोठ्यातून बाहेर आला. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात पोत्यातलं बीट. मी त्याला ओळखते, तो भांडायला आला असेल असंच मला वाटलं. पण त्याने कुंपणावरून दोन्ही गोष्टी काकांच्या पुढ्यात धरल्या.

"पोटात गेलाच नाही तो, काका, घशात अडकला होता. आणि कंदात काय असतं ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. "घ्या. तुम्हीच कापून बघा."